सह्याद्री, हिमालय आणि समुद्राखाली: भारतातल्या साहसी भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर धबधब्यांबद्दल, दिवाळीनंतर बर्फाबद्दल, परीक्षा संपल्या की मुलांबद्दल. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मी आजवर एकही ट्रेक केलेला नाही. सुरुवात कुठून करू?

घराजवळच्या डोंगरापासून. लोहगड, कोरीगड, लोणावळ्याहून उधेवाडीमार्गे राजमाची हे पहिल्या दोन-तीन महिन्यांचे ट्रेक. त्यानंतर राजगड आणि मग कळसूबाई. १,६४६ मीटरचं हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच असलं तरी अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे तिथे कस लागतो तो दमाचा. चढताना किती धाप लागली यापेक्षा उतरताना आणि दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात, याची नोंद ठेवा. पुढचा ट्रेक त्यावरून ठरवा.

हरिहर पहिला ट्रेक म्हणून करू नका. फोटो पाहून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. कातळात कोरलेल्या त्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. सुट्टीच्या दिवशी वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर येतात. उंचीची भीती आहे की नाही हे तपासून पाहायची ती जागा नव्हे.

२. कोणत्या महिन्यात कुठे जावं?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे. लोक आधी जागा ठरवतात, मग सुट्टी काढतात आणि ऋतूचा विचार शेवटी करतात. आपल्या देशात हा क्रम उलटा हवा. बाराही महिने कुठे ना कुठे उत्तम हंगाम चालू असतो आणि त्याच वेळी दुसरीकडे जाणं जिवावर बेतू शकतं.

जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग आणि औलीत स्कीइंग चालतं, झंस्कार नदी गोठते, थरच्या वाळवंटात दिवसा चालता येतं आणि मेघालयातल्या गुहांमधलं पाणी ओसरलेलं असतं. बदामीच्या लाल वालुकाश्मावर प्रस्तरारोहण करायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर तो खडक इतका तापतो की हात ठेववत नाही. अंदमानात डिसेंबर ते एप्रिल पाणी शांत असतं. एप्रिल-मेमध्ये सिक्कीम आणि संदकफू भागात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो. मे-जूनमध्ये उत्तराखंड आणि हिमाचलच्या खिंडींवरचा बर्फ वितळू लागतो.

खरा पेच जुलै-ऑगस्टचा. सह्याद्री तेव्हा हिरवागार असतो, पण कातळ निसरडा होतो. उत्तराखंडात दरडी कोसळतात, ऋषिकेशचं राफ्टिंग बंद असतं आणि हिमाचलात पॅराग्लायडिंगला बंदी असते. नेमके तेच दिवस लडाख आणि स्पितीचे. हिमालयाच्या पलीकडे पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे पाऊस फारसा पोचत नाही. हा फरक एकाच ट्रेकमध्ये अनुभवायचा असेल तर हम्प्ता पास करा. कुल्लूच्या बाजूने ओल्या हिरव्या कुरणांतून चढायचं, सुमारे ४,२७० मीटरवरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे लाहौलच्या कोरड्या, करड्या दगडांत उतरायचं. मध्ये फक्त एक दिवस असतो.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ हिमालयासाठी माझ्या सर्वांत आवडीचा. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि शिखरं लांबवर दिसतात.

३. हिमालयातला पहिला ट्रेक कोणता करावा?

बहुतेक जण केदारकांठा (सुमारे ३,८१० मीटर) विचारतात. ट्रेक चांगलाच आहे. मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे माणसांची रांग लागते. मी पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याच सांक्री गावातून निघणारा हर की दून सुचवतो. उंची हळूहळू वाढते, वाटेत गंगाड आणि ओसलासारखी लाकडी घरांची जुनी गावं लागतात आणि माणसं भेटतात.

संदकफूही (३,६३६ मीटर) उत्तम. वाटेवर मुक्कामाला लॉज आहेत आणि वरपर्यंत गाडीरस्ता असल्यामुळे कुणी आजारी पडलं तर लवकर खाली नेता येतं. हा ट्रेक सिंगालिला राष्ट्रीय उद्यानातून जातो आणि ते पावसाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, बंद असतं.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. फुलांचा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन पावसात. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, राहावं लागतं घांघरियात. रस्ता बंद होण्याची शक्यता धरून दोन दिवस हाताशी राखून ठेवा.

४. मी सह्याद्रीत शंभरावर किल्ले केलेत. मला उंचीचा त्रास कशाला होईल?

होऊ शकतो. किंबहुना तुम्हाला जास्त जपायला हवं, कारण तुमचे पाय भराभर चालतात.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच असतं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के राहतो आणि ५,५०० मीटरवर निम्मा. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. मांड्यांतली ताकद तिथे कामी येत नाही. महाराष्ट्रातला सगळा सह्याद्री साधारण १,६५० मीटरच्या आत आहे आणि उंचीचा आजार साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे शंभर किल्ले करूनही आपली ही परीक्षा कधी झालेलीच नसते.

माझ्यासोबत एकदा असंच घडलं. गटातला सर्वांत तगडा गडी, उन्हातान्हात घाटवाटा पालथ्या घालणारा, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे तासभर आधी कॅम्पवर पोचला. रात्री डोकं धरून बसला. कुणाला सांगायची लाज वाटली म्हणून पहाटेपर्यंत गप्प राहिला. सकाळी तंबूबाहेर आला तो झोकांड्या खात. त्याला लगेच खाली उतरवलं म्हणून निभावलं. वाईट इतकंच वाटतं की रात्री आठला बोलला असता तर ती रात्र तशी गेली नसती.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असताना आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचत असल्याची ही लक्षणं आहेत. ऑक्सिजन असेल तर द्यायचा आणि माणसाला खाली न्यायचं, रात्र असली तरी.

५. डायमॉक्स (उंचीचा आजार टाळायची गोळी) आधीच सुरू करावी का?

हे डॉक्टरांना विचारून ठरवा, तेही जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असा डोस दिला जातो. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळीने शरीर उंचीशी लवकर जुळवून घेतं, बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. गोळी घेतली म्हणून वेगाने चढायची मोकळीक मिळत नाही. कापूर हुंगणं आणि लसूण खाणं हे या गोळीचे पर्याय नाहीत.

६. लेहला विमानाने उतरून दुसऱ्या दिवशी खारदुंग ला केला तर चालेल का?

नको. लेहच ३,५०० मीटरवर आहे आणि तुम्ही दोन तासांत तिथे पोचलेले असता. पहिले दोन पूर्ण दिवस गावातच काढा: पाणी, साधं जेवण, थोडं चालणं, दारू अजिबात नाही. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. मोटारसायकलवाल्यांनाही हाच नियम. इंजिन तुम्हाला वर नेतं, पण शरीर तेवढ्या वेगाने तयार होत नाही. मनालीहून रस्त्याने गेलात तर उंची टप्प्याटप्प्याने मिळते, तरी सरचूसारख्या ठिकाणचा पहिला मुक्काम अनेकांना जड जातो.

७. चादर ट्रेक अजून होतो का?

होतो. झंस्कारच्या गोठलेल्या पात्रावरून चालायचा हा ट्रेक जानेवारी-फेब्रुवारीत, बर्फ पुरेसा जाड झाला तर. लेहमध्ये विसावा आणि वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय सोडत नाहीत. रात्री पारा उणे २० च्या खाली जातो. निम्मू-पदुम-दारचा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला, त्यामुळे गोठलेल्या नदीवरून ये-जा करायची स्थानिकांची जुनी गरज आता कमी होत चालली आहे. ऐन वेळी रद्द होऊ शकणारा हा ट्रेक आहे, हे मनाशी धरूनच पैसे भरा.

८. शरीराची तयारी कशी करू? जिम पुरेल का?

जिना सर्वांत चांगला. पाठीवर आधी पाच, मग आठ किलोची सॅक घेऊन रोज अर्धा तास चढ-उतार करा. आठवड्यातून तीन दिवस पळा किंवा भराभर चाला. पाच किलोमीटर चाळिसेक मिनिटांत, बोलता येईल इतक्या दमात जमलं की पहिल्या ट्रेकपुरती तयारी झाली. रविवारी लागोपाठ सहा तास डोंगरात चालण्याची बरोबरी ट्रेडमिल करू शकत नाही. निदान आठ आठवडे आधी सुरू करा.

९. बूट आणि कपड्यांवर किती खर्च करावा?

पैसे घालायचेच असतील तर बुटांत घाला. बाकी बरंच भाड्याने मिळतं. बूट अर्धा-एक नंबर मोठे घ्या, नाहीतर उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. नवे बूट थेट हिमालयात नेऊ नका, दोन सह्याद्रीचे ट्रेक करून ते पायाला बसवून घ्या.

कपड्यांचे तीन थर हवेत: घाम सुकवणारा आतला, ऊब देणारा मधला, वारा-पाऊस अडवणारा बाहेरचा. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. ओलं सुती कापड अंगातली ऊब खेचून घेतं. हेडटॉर्च प्रत्येकाची स्वतःची हवी, गटात मिळून दोन असं नको. स्टोव्हचे गॅस कॅनिस्टर विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत, ते तिकडेच विकत घ्या. पॉवर बँक मात्र हँडबॅगेतच ठेवावी लागते.

१०. आयोजक चांगला आहे हे कसं ओळखायचं?

जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा आणि फोन करून विचारा. किती जणांमागे एक लीडर? त्याने गिर्यारोहणाचा किंवा प्रथमोपचाराचा कोर्स कुठे केला? सोबत ऑक्सिजन सिलिंडर आणि पल्स ऑक्सिमीटर आहे का? दोर आणि हार्नेस किती जुने आहेत? कुणी आजारी पडलं तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार? आणि माझा आवडता प्रश्न: गेल्या हंगामात तुम्ही किती वेळा माघारी फिरलात? ‘कधीच नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्याबरोबर मी जाणार नाही.

महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं सरकारी धोरण आहे आणि त्यानुसार आयोजकांनी पर्यटन विभागाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणी प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. एका लीडरमागे चाळीस माणसं असतील तर तो ट्रेक स्वस्त पडतो, पण मागे कोण राहिलं हे त्याला कळत नाही.

११. धबधब्यातलं रॅपलिंग आणि सांधण दरी कितपत सुरक्षित?

रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, सगळा भार अँकरवर (दोर जिथे बांधतात त्या आधारावर) असतो. एकाऐवजी दोन स्वतंत्र अँकर, उतरणाऱ्याला वेगळा बिलेचा (दुसऱ्याने धरलेला सुरक्षेचा) दोर, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक लागलेलं, हेल्मेट डोक्यावर. हे चारही दिसत नसेल तर दोर हातात घेऊ नका. लांब केस आणि ओढणी आत खोचा, ती डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या साधनात) अडकते. धबधब्यात आणखी एक धोका असतो. वर घाटमाथ्यावर जोरदार सर आली तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला की त्याच क्षणी बाजूला व्हायचं.

साम्रद गावाजवळची सांधण दरी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातच करायची. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये अरुंद फट आणि पावसाळ्यात ती पाण्याचीच वाट.

१२. पोहता येत नाही. राफ्टिंग करू का?

पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या पाण्यात हरकत नाही. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळलेले आणि हेल्मेट नीट बसलेलं हवं. कोलाडजवळ कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, म्हणून तिथे वेळेवर पोचा. पाणी ओसरलं की त्या दिवसाचं राफ्टिंग संपलं. ऋषिकेशला ब्रह्मपुरी किंवा शिवपुरीचा टप्पा घ्या. कौडियालापासूनच्या लांब टप्प्यात ‘द वॉल’ हा चौथ्या श्रेणीचा रॅपिड आहे, तो अनुभवी लोकांसाठी.

राफ्टमधून पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि वर, गुडघे किंचित वाकवलेले. उथळ प्रवाहात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडांत अडकला तर पाणी माणसाला पुढे दाबतं. ऋषिकेशचा हंगाम साधारण सप्टेंबरअखेर ते जून.

१३. पॅराग्लायडिंगला बीरलाच जावं का? वजनाचं काय?

हिमाचलातल्या बीर-बिलिंगची ख्याती रास्त आहे. सुमारे २,४०० मीटरवरच्या बिलिंगहून उडायचं आणि खाली बीरला उतरायचं. पॅराग्लायडिंग विश्वचषकाची फेरी २०१५ मध्ये तिथे झाली होती. १५ जुलै ते १५ सप्टेंबर हिमाचलात उड्डाणं बंद असतात. त्या काळात कुणी ‘करून देतो’ म्हणालं तर निघून या. आपल्याकडे कामशेतला ऑक्टोबर ते मे उडता येतं आणि शिकताही येतं.

टँडम (पायलटसोबतच्या) उड्डाणात पायलटचा परवाना पाहायला मागा, राखीव पॅराशूट आहे ना विचारा आणि मांडीचे दोन्ही पट्टे बांधलेले स्वतः ओढून बघा. प्रत्येक पंखाची वजनमर्यादा ठरलेली असते, म्हणून वजन खरं सांगा. वाऱ्यामुळे उड्डाण थांबलं तर पायलटला आग्रह करू नका.

१४. स्कूबा कुठे? आणि डायव्हिंगनंतर लगेच घरी निघालो तर?

पहिल्या अनुभवाला तारकर्ली-मालवण जवळचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी त्यातल्या त्यात नितळ. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट त्याहून सरस. प्रवाळ खऱ्या अर्थाने पाहायचे तर अंदमानचं स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. प्रशिक्षकासोबतचा पहिला डाइव्ह फार तर १२ मीटरपर्यंत असतो. ओपन वॉटर कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला, कानातला दाब सोडता येत नाही. दम्याचा विकार असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या. आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास विमान टाळायचं. लोक विसरतात ते घाटाचं. साधारण ६०० मीटरच्या वरची उंची याच हिशेबात धरतात आणि आंबोली त्याहून उंच आहे. पंधरा-वीस मिनिटांच्या उथळ पहिल्या डाइव्हनंतर धोका कमी असतो. पण दिवसभरात दोन-तीन खोल डाइव्ह करून संध्याकाळीच घाट चढणार असाल तर तो मुक्काम मालवणातच करा.

१५. स्कीइंग शिकायला गुलमर्ग की औली?

शिकायला औली. उतार सौम्य, गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स आणि समोर नंदादेवी. गुलमर्गची केबल कार सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेते. वरचे मोकळे उतार हिमप्रपाताच्या टापूत येतात, तिथे सराव झालेल्यांनी स्थानिक मार्गदर्शकासोबतच जावं.

१६. भारतीयांना भारतातच परवाने लागतात?

काही ठिकाणी, हो. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि डिसेंबर २०१९ पासून मणिपूर इथे इनर लाइन परमिट लागतं. उत्तर सिक्कीम आणि नाथू ला यांना वेगळा परवाना आहे. लक्षद्वीपला प्रवेश परवान्याशिवाय जाता येत नाही. अंदमानात सर्वसामान्य बेटांवर अडचण नाही, पण आदिवासी राखीव क्षेत्रं आणि नॉर्थ सेंटिनलच्या आसपासचा समुद्र पूर्ण निषिद्ध आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या ट्रेकला वनखात्याची पावती आणि ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा. जम्मू-काश्मीर आणि लडाखला जाताना पोस्टपेड सिम घ्या.

१७. रूपकुंड आणि स्टोक कांगरी बंद का?

उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. बेदनी बुग्यालावर तंबू टाकल्याशिवाय रूपकुंड नीट होत नाही. लडाखमधलं स्टोक कांगरी (६,१५३ मीटर) २०२० पासून बंद करण्यात आलं, कारण पायथ्याच्या गावाचं पाणी त्याच हिमनदीतून येतं आणि शेकडो आरोहकांचा मलमूत्र-कचरा वर साठत होता. मला हे दोन्ही निर्णय पटतात, स्वतःची स्टोकची तयारी वाया गेली तरीही. आडवाटेने लपून जायची विचारणा करणाऱ्यांना मी मदत करत नाही.

१८. मला खरं गिर्यारोहण शिकायचंय. थेट ६,००० मीटरचं शिखर बुक करू का?

आधी बेसिक कोर्स करा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग (१९६५) या जुन्या संस्था आहेत. मनाली, पहलगाम आणि अरुणाचलातल्या दिरांगलाही सरकारी संस्था आहेत. साधारण चार आठवड्यांच्या या कोर्सेसमध्ये खडक, बर्फ आणि हिमनदी शिकवतात. सरकारी अनुदानामुळे शुल्क खाजगी मोहिमेपेक्षा बरंच कमी असतं. जागा वर्षभर आधी भरतात. पुढच्या अॅडव्हान्स कोर्ससाठी बेसिकमध्ये ‘ए’ श्रेणी लागते, म्हणून तयारीनिशी जा.

क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फातले काटे) घालून कसं चालायचं आणि घसरल्यावर आइस अॅक्सने (बर्फाच्या कुऱ्हाडीने) स्वतःला कसं थांबवायचं, हे शिखराच्या आदल्या दिवशी तासाभरात शिकवतात. तेवढ्याने हाताला सवय होत नाही.

१९. आरोग्य विमा आहे. वेगळा हवा का?

पॉलिसीतली अपवादांची यादी वाचा. ‘साहसी खेळ’ बहुतेकदा त्यातच असतात. वेगळी घेतली तर तीन गोष्टी लेखी विचारा: किती उंचीपर्यंत, कोणकोणते खेळ, आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढायचा खर्च धरला आहे का. हेलिकॉप्टर ढगांत येत नाही, हेही विसरू नका.

२०. सॅटेलाइट फोन किंवा ड्रोन न्यावा का?

सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून आणलेलं यंत्र विमानतळावर सापडून अटक झालेल्या प्रवाशांच्या बातम्या येत असतात. त्याऐवजी फोनवर ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या आणि वाटेचा आराखडा घरी द्या. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी अभयारण्यं, संरक्षित स्मारकं आणि सीमाभागात परवानगीविना उडवता येत नाही. सीमेजवळ तर बॅगेतूनही काढू नका.

२१. ट्रेकच्या तारखांतच पाळी येणार आहे. गोळ्या घेऊन पुढे ढकलू का?

पाळीत उंचीवर जाणं धोक्याचं नाही. पुढे ढकलायच्या हार्मोनच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्यांच्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका काही जणींना वाढतो आणि उंचीवर शरीरात पाणी कमी पडल्यावर ती काळजी आणखी असते. स्त्रीरोगतज्ज्ञांना उंचीसकट सगळं सांगून ठरवा. कप वापरत असाल तर दोन-तीन महिने आधी घरी सवय करा. वापरलेले पॅड वर पुरू नका, दुहेरी झिप पिशवीतून परत आणा. आणि लीडरला सांगायला अवघडू नका. चांगला लीडर त्या दिवशी थांबे वाढवतो.

२२. वय साठ, रक्तदाब आणि मधुमेह आहे. हिमालय विसरू का?

मुळीच नाही. आजार आटोक्यात असतील, ताणचाचणी (ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी) झाली असेल आणि तयारी असेल (प्रश्न ८) तर हर की दून, संदकफू शक्य आहेत. वयामुळे चालायचा वेग कमी होतो आणि उंचीवर तो फायदाच ठरतो. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून ते अंगाजवळच्या खिशात ठेवा. रात्री झोपायच्या पिशवीत घ्या. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचे आकडे दाखवतं, तेही ऊबेत ठेवा.

२३. आठ वर्षांच्या मुलाला नेऊ का?

सह्याद्रीत जरूर. ३,००० मीटरच्या वर मात्र मुलाला नेमकं काय होतंय ते सांगता येतं का, हे पाहा. चिडचिड आणि न जेवणं हीच कदाचित लक्षणं असतील.

२४. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असते. स्थानिक माणूस ‘मागच्या वाटेने नेतो’ म्हणाला तर?

नाही म्हणा. जिल्हाधिकारी कलम १६३ (पूर्वीचं १४४) खाली आदेश काढतात, तो मोडला तर गुन्हा नोंदवला जातो. पण त्याहून मोठी गोष्ट: तुम्ही अडकलात तर दोर घेऊन रात्री येणारे बचाव पथकातले लोक नोकरीधंदा सांभाळणारे स्वयंसेवक असतात आणि त्याच निसरड्या वाटेने येतात.

२५. मधमाश्यांचं काय? दरवर्षी बातम्या वाचतो.

सह्याद्रीतला हा धोका लोक फार हलक्यात घेतात. कड्यांना आणि किल्ल्यांच्या बुरुजांना आग्या मोहोळ लटकलेलं असतं. अत्तर-डिओ लावू नका, खाली धूर करू नका, आरडाओरडा आणि दगडफेक तर नकोच. हल्ला झालाच तर झटकत उभं राहू नका. तोंड-डोकं झाकून झाडीतून लांब पळा. कड्याच्या दिशेने मात्र धावू नका. काटे नखाने खरवडून लवकर काढा. चेहरा सुजला किंवा श्वास अडकू लागला तर रुग्णालय गाठायला एक मिनिटही दवडू नका.

२६. वाट चुकली किंवा कुणी जखमी झालं तर?

थांबा. शेवटची खात्रीची खूण आठवा आणि तिथवरच मागे जा. ओढ्याच्या नाळेने ‘खाली गाव लागेलच’ म्हणून उतरू नका. सह्याद्रीत बऱ्याच नाळा कड्यावर जाऊन संपतात. ११२ लावा आणि पायथ्याच्या गावातल्या माणसाला कळवा. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना एकत्र आणणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये साठवा. संदेशात ठिकाण, किती जण, दुखापत आणि बॅटरी किती उरली एवढं लिहा. मानेला किंवा मणक्याला मार असेल तर जखमीला हलवू नका.

२७. शिखर डोळ्यांसमोर होतं आणि लीडरने परत फिरवलं. पैसे मागू शकतो का?

बुकिंगच्या अटींत तसं लिहिलेलं नसेल तर नाही, आणि मागूही नयेत असं मला वाटतं. समिटच्या दिवशी माघारी फिरायची वेळ आधीच ठरलेली असते, कारण ऊन चढल्यावर बर्फ मऊ होतो, दुपारी ढग भरतात आणि उतरायला अंग शिल्लक लागतं. मलाही एकदा असंच शेवटच्या चढावरून फिरवलं होतं. आमचा शेर्पा लीडर काही न बोलता घड्याळ दाखवून वळला. मी तिथेच रडलो. कॅम्पवर पोचेपर्यंत बर्फ पडू लागला होता आणि दोन तासांत आमच्या पावलांचा मागमूस उरला नाही. त्याला मी रात्री चहा नेऊन दिला. पुढच्या वर्षी त्याच्याच सोबत, त्याच वाटेने पुन्हा गेलो.